कै. जयंत पांडुरंग नाईक

आमच्या अंजनगांवचा विद्यार्थी दहावीची परीक्षा देतो, पुढें दोन वर्षें उच्च माध्यमिक वर्गांत काढतो व त्यानंतर पदवीकडे वळतो. ही व्यवस्था कोठारी आयोगानें सुचविली हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोण होते, हें फारच थोड्यांस सांगतां येईल.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजीं कोल्हापूर संस्थानांतील बहिरेवाडी या खेड्यांत झाला. कायदेभंगाच्या चळवळींत ते बल्लारीच्या तुरुंगांत गेले व तेथें आजारी कैद्यांची शुश्रूषा करूं लागले. सुटका झाल्यावर धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी गांवीं जाऊन त्यांनीं ग्रामसेवेस वाहून घेतलें. शाळा कां ओस पडते, हें त्यांनीं प्रथम तेथें पाहिलें, पुस्तकांतून नव्हे.

पुढें कोल्हापुरांत नोकरी झाली. १९४३ सालीं सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्यानें त्यांनीं ब्रिटिश अमदानींतील हिंदी शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध केला. मिशनऱ्यांच्या शाळांचें कार्यही त्यांत विस्तारानें आलें आहे. १९४८ मध्यें मुंबईस भारतीय शिक्षण संस्था स्थापिली आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणींतही त्यांचा मोठा वाटा होता. दिल्लीस शिक्षणमंत्रालयाचे सल्लागार असतां ते नाममात्र एक रुपया वेतन घेत.

१९६४ ते १९६६ या काळांत डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं आयोगाचें काम चाललें. अहवालांतील दोन सूचना आमच्या मतें सर्वांत वजनाच्या होत. राष्ट्रीय उत्पन्नाचे शेंकडा ६ शिक्षणावर खर्चावे, ही एक. दुसरी शेजारशाळेची : एका वस्तींतील सावकाराचें व मजुराचें मूल एकाच शाळेंत, एकाच बाकावर बसावें. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणानें दोहोंस मान डोलाविली. पण पैसा तितका मिळाला नाहीं, आणि शेजारशाळा तर कागदावरच राहिली. ज्यांच्या हातीं सत्ता होती, त्यांचीं मुलें निराळ्या शाळांत जात होतीं, हेंच त्याचें कारण नव्हे काय? फी घेणाऱ्या कोणत्याही शाळेनें, आमच्यासारख्या मिशनच्या शाळेनेंही, हा प्रश्न आपणांस लागू नाहीं असें म्हणूं नये.

समता, गुणवत्ता व संख्या हीं तीन टोकें एकदम हातीं येत नाहींत, अशी मांडणी नाईकांनीं १९७५ च्या एका ग्रंथांत केली. मुलें वाढविलीं तर शिक्षक पुरत नाहींत. निवडक शाळा सुधारल्या तर गरीब बाहेर राहतो. घटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणासाठीं १९६० ची मुदत घातली होती. ती टळली, व तो हक्क कायद्यानें अमलांत येण्यास २०१० उजाडलें. कापूस वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडांत वर्गांतील बांक रिकामे कां दिसतात, हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास नाईकांचा अर्धवेळ शिक्षणाचा आग्रह समजावून सांगावा लागणार नाहीं. काम करणाऱ्या मुलास दोष न देतां शाळेनेंच आपली वेळ बदलावी, असें त्यांचें म्हणणें होतें.

१९६९ पासून त्यांनीं भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचा कारभार सांभाळला. १९७४ मध्यें पद्मभूषण मिळालें. मुंबईची संस्था १९७६ सालीं पुण्यास आली, व ३० ऑगस्ट १९८१ रोजीं नाईक निवर्तले. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांच्या शिक्षणाचें काम त्यांच्या पत्नी चित्राताई यांनीं पुढें अनेक वर्षें चालविलें.