विश्लेषण : मास्तर, सायकलविक्रेता, कारखानदार... लक्ष्मणराव किर्लोस्कर प्रत्येक टप्प्यावर नवे काय शिकले?

लोखंडी नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी यांमुळे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे नाव मराठी घरांत पोहोचले. पण त्यांच्या वाटचालीची सुरुवात अपयशाने झाली होती.

चित्रकार का होता आले नाही?

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे काही रंगांतील फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे लक्षात आले. रंग सुटले, रेषा मात्र हाती राहिली. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथील यंत्रशाळेत त्यांचा हातही यंत्रांवर बसला.

नोकरी का सोडली?

हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तेथे बंधू रामूअण्णांसोबत सायकलींचे दुकान सुरू झालेलेच होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर विकला का गेला नाही?

लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. चांगला माल तयार करणे पुरेसे नाही, वापरणाऱ्याचा विश्वासही मिळवावा लागतो, हा धडा येथे मिळाला. नांगराचा उपयोग दाखवून देणे आणि जाहिरात करणे हा पुढे या व्यवसायाचा भाग बनला.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीत होते. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. आता घरे, पाणी, आरोग्य असे सारेच पाहणे भाग होते. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी काम दिले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही.

पहिल्या महायुद्धात कच्च्या मालाची टंचाई झाली, तेव्हा मिळेल त्या पर्यायी साहित्यावर काम चालू ठेवण्यात आले.

सूत्रे पुढच्या पिढीकडे कशी गेली?

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. अमेरिकेतील एमआयटीतून अभियंता होऊन आलेले पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये कारखान्यात रुजू झाले. पुढे पंप आणि इंजिनांकडे व्याप वळला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची, तर बंगळूरुमध्ये विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन झाली.

आज यातून काय घ्यावे?

लक्ष्मणरावांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. आरेखन, विक्री, माणसे सांभाळणे, गाव वसवणे ही कामे ते गरज पडेल तशी शिकत गेले. संस्थापकाचे शिकणे थांबले, की उद्योगाची वाढही तेथेच अडते. लक्ष्मणरावांनी ती वेळ येऊ दिली नाही आणि पुढच्यांसाठी जागाही करून दिली.