विश्लेषण : डॉक्टरांनाच आधी लस पटवून द्यावी लागलेले हाफकिन

लस कुणी नाकारली की आपण ‘लोकांमध्ये जागृती नाही’ म्हणून मोकळे होतो. पण सुई हातात धरणाऱ्यांच्याच मनात शंका असली तर? जानेवारी २०२१ मध्ये कोविड लसीकरण आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत अनेक केंद्रांवर त्यांची हजेरी अपेक्षेपेक्षा कमी होती. हा प्रश्न जुना आहे. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांचे निम्मे आयुष्य त्यातच गेले.

हाफकिन यांच्यावर अविश्वास का होता?

त्यांचा जन्म १८६०चा, ओडेसा शहरातला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. शिवाय ज्यू आणि रशियन साम्राज्यातले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. तरीही खुद्द संस्थेतल्या ज्येष्ठांनी फारसा उत्साह दाखवला नाही. पुढच्या वर्षी ते भारतात आले. ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी अनेकांना हा परका, बिगरडॉक्टर माणूस खटकत होता. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये मात्र भारतीय डॉक्टर त्यांच्यासोबत उभे राहिले. लोकांसमोर आधी स्वतः लस घ्यायची आणि मग इतरांना द्यायची, ही रीत तिथे कामी आली.

मुंबईत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला. सरकारने हाफकिन यांना बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या बळावर काही महिन्यांत त्यांनी प्लेगची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी पुढे ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी मात्रा त्यांनी स्वतःला टोचवून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते काम करत राहिले. त्यानंतरच स्वयंसेवक पुढे आले. महिनाअखेर भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा निम्म्याच्या आसपास कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांमध्ये रुग्ण आणि मृत्यू जास्त निघाले. आगा खान तिसरे यांनीही जाहीरपणे लस घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली.

एका बाटलीने सगळे कसे पालटले?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. दोष बाटलीतला की ती उघडताना लागलेला, हा प्रश्न खरा होता. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे नंतर पुढे आले. पण चौकशी आयोगाने परळच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. हाफकिन यांचे पद गेले आणि ते इंग्लंडला परतले. आधीपासूनचा अविश्वास नसता तर निकाल इतक्या झटपट लागला असता का, ही शंका घ्यायला जागा आहे.

त्यांची बाजू मांडली तीही एका डॉक्टरनेच. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

ते भारतात परतले, पण मुंबईची जागा भरली गेली होती. कोलकात्यात काम मिळाले, तेही माणसांवर चाचण्या न करण्याच्या अटीवर. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.