अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

पालघर जिल्ह्यातील बोर्डीचा समुद्रकिनारा आणि तेथून जवळच असलेली कोसबाडची टेकडी आपल्या वाचकांना परिचित आहे. सहलीच्या निमित्ताने अनेकांनी ही दोन्ही ठिकाणे पाहिली असतील. आज खेडोपाडी दिसणाऱ्या अंगणवाडीची पाळेमुळे याच मातीत आहेत. ज्या स्त्रीने तिचे बीज येथे पेरले, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे जीवन जाणून घेणे उद्‌बोधक आहे. लहान मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सोडवावा लागला. आज तोच प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे. स्त्रियांनी शिकावे, जातिभेद मानू नये, हे विचार त्या घरात नुसते बोलले जात नसत, ते आचरणात होते. मुलींचे प्राथमिक शिक्षणही दुर्मीळ असलेल्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढील वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२० साली त्यांना कन्या झाली. परंतु संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले.

तान्ह्या मुलीला घेऊन एकट्या स्त्रीने स्वतःच्या कमाईवर उभे राहणे त्या काळी सोपे नव्हते. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. एका भारतीय स्त्रीला असे पद मिळणे हा मोठा मान होता आणि उपजीविकेची चिंताही त्यामुळे मिटली होती. तरीही त्यांचे मन तेथे फार काळ रमले नाही.

भावनगरची दीक्षा

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना ते डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून बालकांचे शिक्षक झाले. त्यांचे काम पाहून १९२३ साली ताराबाईंनी राजकोटची स्थिर जागा सोडली आणि त्या भावनगरला दाखल झाल्या. मोठ्यांच्या महाविद्यालयाची प्राचार्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसली, हे अनेकांना विचित्र वाटले असेल. त्या काळी मुलांना सांभाळणे हे आयाचे काम समजले जात असे. त्यासाठी विद्वत्ता लागते आणि त्याचे मोलही विद्वत्तेइतकेच असावे, ही कल्पना समाजाला नवीन होती.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाद्वारे मारू नका, भीती दाखवू नका, मुलाला स्वतःच्या हातांनी करू द्या, हा विचार घरोघरी पोहोचू लागला. पुढे त्याची मराठी आवृत्ती निघाली आणि ताराबाईंनी तिचे संपादन केले.

१९३२ च्या सुमारास ताराबाईंनी भावनगर सोडले. त्या मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. तेथे बालमंदिराबरोबरच बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही चालू झाले. मुलांच्या शाळेइतकेच शिक्षिकांच्या घडणीला महत्त्व देणे हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य पुढेही कायम राहिले.

महागडी शाळा आणि गरिबांची मुले

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मॉन्टेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते. आईवडील कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. पण ही पद्धती जगभर पसरली तशी ती गरिबांपासून दुरावत गेली. सुबक लाकडी ठोकळे, मनोरे, रंगीत पट्ट्या असे बेतशीर साहित्य महाग पडत असे. मोठी जागा लागे, प्रशिक्षित शिक्षिका लागे. हा खर्च शुल्कातून भागवायचा तर मुले सुखवस्तू घरांतलीच येणार. आपल्या देशातील बालमंदिरेही शहरांतील शिकल्यासवरल्या कुटुंबांपुरती राहिली. ज्या मुलांना त्यांची सर्वाधिक गरज होती, ती मुले उंबरठ्याबाहेरच होती.

ही विसंगती ताराबाईंना खुपत होती. पन्नाशी ओलांडल्यावर दादरच्या नावारूपाला आलेल्या संस्थेत सुखाने राहण्याऐवजी त्यांनी खेड्याची वाट धरली. १९४५ च्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. आचार्य भिसे यांच्या कार्यामुळे हे गाव शिक्षणाच्या क्षेत्रात आधीच ओळखले जात होते. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ येथेच ताराबाईंना येऊन मिळाल्या. वयाच्या तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या या जिद्दी स्त्रीने पुढील सारे आयुष्य या कार्याला वाहिले.

याच १९४५ साली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारली बांधवांचा लढा पेटला होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जमीनदारांची वेठ नाकारली आणि गवतकापणीसाठी योग्य मजुरी मागितली. श्रमाचे दाम मागण्याचा उच्चार ज्या परिसरात होत होता, तेथेच मुलांच्या शिक्षणाचा हा प्रयोग सुरू झाला.

अंगणवाडीचा जन्म

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. कोणाच्या अंगावर धड वस्त्र नसे, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली, तर कोणाच्या घरच्यांना सवर्णांच्या शेजारी मुले बसवण्याची भीती. मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांकडे जावे, असा निर्णय ताराबाईंनी घेतला. रोज सकाळी शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांची नखे-केस साफ करायचे, त्यांना आंघोळ घालायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. जिथे मुले ठरलेल्या वेळी येऊ शकत, तिथे मध्यवर्ती बालवाडी आणि जिथे येऊ शकत नसत, तिथे अंगणवाडी, अशी दुहेरी रचना त्यांनी केली.

साहित्याचा प्रश्नही त्यांनी तेथेच सोडवला. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, नदीतले गोटे, चिंचोके आणि इतर बिया, झाडांची पाने, कुंभाराकडची मडकी ही साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत यांचे ज्ञान शिंपल्यांतूनही होते. मॉन्टेसरी पद्धतीचे तत्त्व कायम राहिले आणि साहित्याचा खर्च जवळजवळ उरला नाही.

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथील वारली मुलांपुढे निराळीच अडचण होती. मोठी मुले गुरे राखत आणि मुली धाकट्यांना सांभाळत, तेव्हाच आईबाप मजुरीला जाऊ शकत. म्हणून ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणली. तिला त्यांनी विकासवाडी हे नाव दिले. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवले की थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शकत असे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तेथेच शिक्षक जात आणि झाडाखाली धडा होई. पाळणाघर ही चैन नसून मोठ्या मुलीच्या शिक्षणाचा आणि आईच्या रोजगाराचा तो आधार आहे, हे कोसबाडने प्रत्यक्ष दाखवून दिले. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात हे सारे दिवस नोंदवून ठेवले आहेत.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. अनुताईंनी त्यांच्यानंतर १९९२ पर्यंत कोसबाडचा दिवा तेवत ठेवला.

वारसा आणि त्याची दुसरी बाजू

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ३३ प्रकल्प होते. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणात जन्मलेला शब्द देशभर पोहोचला, ही ताराबाईंची केवढी मोठी पुण्याई!

परंतु ताराबाईंनी काटकसर कशात केली, हे आपण नीट पाहिले नाही. त्यांनी लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले आणले, इमारतीच्या जागी अंगण घेतले. शिक्षिकेच्या प्रशिक्षणात मात्र त्यांनी काटछाट केली नाही. कोसबाडला बालवाडीबरोबर अध्यापनाचे वर्गही चालले. साहित्य साधे असेल तर ते वापरणारी व्यक्ती अधिकच कुशल असावी लागते, हे त्या जाणून होत्या. सरकारी योजनेने त्यांच्याकडून अंगण घेतले, शिंपले घेतले, आणि बचत केली ती सेविकेच्या हातात पडणाऱ्या पैशांत. १९७५ साली मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा १५० रुपये, मॅट्रिक नसलेल्या सेविकेला १०० आणि मदतनीस बाईला ३५ रुपये ठरले. त्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. वेतन म्हटले की नोकरीचे हक्क येतात. मानधनात ते येत नाहीत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत, असा निर्णय दिला. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असे म्हटले, तेव्हा कोठे त्यांच्या सेवेला नोकरीचे थोडे रूप आले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला आणि तो ५० दिवसांहून अधिक चालला.

खाजगी आणि संस्थांच्या बालवाड्यांची व्यथाही याहून वेगळी नाही. इमारतीला देणगीदार मिळतो, खेळण्यांना मिळतो, कारण त्यांवर नावाची पाटी लावता येते. दरमहाच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. शुल्क वाढवावे तर मजुरी करणारी आई मुलाला घरी ठेवते. न वाढवावे तर शिक्षिकेचा पगार वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. दोन्ही बाजूंनी ओढला जाणारा हा दोर शेवटी शिक्षिकेच्या संसाराला काचतो. ती काही वर्षे प्रेमापोटी टिकते आणि मग अधिक पैसे देणाऱ्या कामाकडे जाते. मुलांनी जिला ओळखावे, तिचाच चेहरा दरवर्षी बदलतो.

ताराबाई आणि अनुताईंनी त्याग केला तो स्वतःच्या इच्छेने. एकाचा स्वेच्छेचा त्याग पाहून तो दुसऱ्यावर नियम म्हणून लादणे हे न्यायाला धरून नाही. ताराबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात हेच शिकवले होते. गरजेपोटी कामगाराने मान्य केले, एवढ्यानेच तुटपुंजे वेतन न्याय्य ठरत नाही. ही शिकवण गिरणीतल्या मजुराला लागू आहे, तशीच बालवाडीच्या बाईंनाही लागू आहे.

आपल्या धर्मग्रामांतही बालवाड्या आणि पाळणाघरे चालतात. त्यांच्या वार्षिक हिशेबावर नजर टाकताना रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाच्या खर्चाबरोबर शिक्षिकांच्या आणि मदतनीस बाईंच्या पगाराची ओळही आपण वाचावी. परवडेल त्यांनी थोडे अधिक शुल्क द्यावे, म्हणजे न परवडणाऱ्याचे मूल वर्गात राहील. वाढदिवसाला खाऊ वाटणाऱ्यांनी एखाद्या वर्षी तीच रक्कम पगाराच्या निधीला द्यावी. कोसबाडच्या टेकडीवर जाल तेव्हा ताराबाईंचे स्मरण अवश्य करा. गावी परतल्यावर आपल्या बालवाडीच्या बाईंना किती पगार मिळतो, याचीही एकदा चौकशी करा.