अंगणवाडीचं पहिलं अंगण

अंगणवाडी हा शब्द आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. कुठल्याही गावात शिरलं की ग्रामपंचायतीच्या आसपास एक छोटी खोली असते, भिंतीवर अ आ इ आणि फळांची चित्रं रंगवलेली असतात आणि आत खिचडी शिजत असते. शब्द इतका ओळखीचा की तो सरकारी वाटतो, जणू एखाद्या फाईलमध्येच जन्मलेला. पण तसं नाही. हा शब्द जन्मला आपल्याच महाराष्ट्रात, समुद्रकाठच्या बोर्डी नावाच्या गावात आणि त्यामागे दोन बायका होत्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई थोर होत्याच. पण मला लिहायचं आहे ते अनुताईंबद्दल. कारण अनुताई शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग दोनदा शिकल्या. एकदा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, सर्टिफिकेट मिळालं ते. आणि दुसऱ्यांदा खेड्यात राहून, ज्याचं सर्टिफिकेट कुणीच देत नाही ते. एक-दोन वर्षांत आपल्याही हातात डिग्री येणार आहे, म्हणून हे दुसरं ट्रेनिंग काय होतं ते बघायलाच हवं असं मला वाटतं.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. हो, अष्टविनायकातलं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. तेरा वर्षं म्हणजे आपल्या हिशोबाने सातवी-आठवी! ज्या वयात आपण कंपासबॉक्स हरवला म्हणून रडलो, त्या वयात या मुलीच्या कपाळावर समाजाने विधवा असा शिक्का मारला. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य म्हणजे माजघर, चूल आणि लोकांची बोलणी. अनुताईंचं तसं झालं नाही, कारण त्या शिकत राहिल्या. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल आणि मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये शिक्षिकेचं सर्टिफिकेट.

पहिली नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला. तिथे चार वर्षं काढून त्या १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. मुलींच्या शिक्षणातलं हे मोठं नाव, आजही आहे. म्हणजे नोकरी चांगली, शहर चांगलं, मान होता. दिवसा शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन बसायचं, असं करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. शिकवणारी बाई संध्याकाळी विद्यार्थिनी होते, ही सवय त्यांना तेव्हापासूनची. पुढे ती फार उपयोगी पडली.

१९४५ साली बोरिवलीला ग्रामसेविकांचं एक शिबिर भरलं होतं, कस्तुरबा गांधींच्या नावाने निघालेल्या ट्रस्टचं. अनुताई तिथे गेल्या आणि तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली.

ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्रिन्सिपॉलपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या होत्या आणि दोघांनी मिळून मॉन्टेसरी पद्धतीच्या बालशिक्षणाचं काम उभं केलं होतं. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. सगळं छान चाललं होतं. पण एक गोष्ट त्यांना बोचत होती. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं ते गरिबांच्या वस्तीत, कामाला जाणाऱ्या आईबापांच्या पोरांसाठी. आणि आपल्याकडे तीच पद्धत पोचली ती शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांत. लाकडाची सुबक साधनं, मोठे हवेशीर हॉल, स्वच्छ फ्रॉक घातलेली मुलं. खेड्यातल्या मुलाचं काय? त्याला बालपण नसतं का? या प्रश्नासाठी ताराबाईंनी मुंबई सोडायची ठरवली आणि अनुताईंनी पुणं सोडलं. १९४५ च्या अखेरीला बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई ५३ वर्षांच्या, अनुताई ३५ वर्षांच्या.

आता खरी गंमत सुरू होते. अनुताईंच्या गाठीला सोळा वर्षांचा शिकवण्याचा अनुभव होता. फळा कसा वापरायचा, पाठ कसा घ्यायचा, वर्ग शांत कसा ठेवायचा, सगळं येत होतं. पण बालवाडी उघडली आणि पंचाईत ही की मुलंच येईनात! ट्रेनिंग कॉलेजच्या सगळ्या अभ्यासात वर्गात मुलं बसलेली आहेत हे धरूनच चाललेलं असतं. मुलं आलीच नाहीत तर काय करायचं, हा चॅप्टर सिलॅबसमध्ये नव्हता.

मग पाढे पहिल्यापासून. मुलं का येत नाहीत? आई-बाप मजुरीला जातात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फिरते. अंगावर कपडा नाही, नाकाला शेंबूड, केसात उवा, कुणी खरूज झालेलं. आणि दलित वस्तीतल्या मुलाने गावातल्या मुलांच्या शेजारी बसायचं, हे गावालाच मंजूर नाही. ही कारणं कुठल्या ऑफिसात बसून कळत नाहीत. ती वस्तीत जाऊन, दाराशी बसून, बायकांशी गप्पा मारून कळतात.

यावर त्यांनी जो उपाय काढला तो इतका साधा आहे की आपल्याला वाटावं, यात काय विशेष? मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. वस्तीतलंच एखादं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथेच बालवाडी भरवायची. आधी मुलांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. आजूबाजूला आया बघत उभ्या राहायच्या, म्हणजे मुलांबरोबर त्यांचंही शिक्षण आपोआप होत होतं.

आणि साधनं? मॉन्टेसरीची ती महागडी लाकडी साधनं खेड्यात परवडणार कशी? मग समुद्रावरचे शिंपले आले, गोटे आले, बिया, पानं, काटक्या, माती आली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे शिकायला यापेक्षा वेगळं काय लागतं? तत्त्व मॉन्टेसरींचं, मटेरियल बोर्डीचं. मला तर हे आपल्या डिझाईनच्या विषयात शिकवण्यासारखं उदाहरण वाटतं. फंक्शन ओळखायचं, ते तसंच ठेवायचं आणि तिथे जे मिळतं त्यातून ते बनवायचं. आपण त्याला जुगाड म्हणून हसतो. पण जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. हे तसं नव्हतं. यामागे बारा-तेरा महिने नाही, वर्षानुवर्षं मुलांचं निरीक्षण होतं.

१९५६ मध्ये हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर हललं. डहाणू तालुका, तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. ही सगळी वारली आदिवासींची वस्ती. आज आपण वारली पेंटिंगचे टी-शर्ट घालतो, कॉलेजच्या गेटवर तशी चित्रं काढतो. पण त्या चित्रांतली माणसं कशी जगत होती? सावकाराचं कर्ज, जमीनदाराकडे वेठबिगार, लग्नासाठी पैसे घेतले म्हणून पुढे नवराबायको दोघांनी गड्यासारखं राबायचं. याच भागात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या साथीदारांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा दिला होता. अशा लोकांना पांढरपेशा माणसाबद्दल विश्वास का वाटावा? शहरातून येणारा माणूस आजवर काहीतरी घ्यायलाच आला होता.

कोसबादला बोर्डीचा धडाही पुरला नाही. तिथे पाड्यांमधली अंतरं मोठी, पाच-सहा वर्षांचं पोर म्हणजे घरातला एक कामगार. मुलगा गुरं-शेळ्या राखतो, मुलगी भावंडं सांभाळते. तेव्हा अनुताई आणि ताराबाईंनी विकासवाडी उभी केली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई प्राथमिक शाळेत, मधला बालवाडीत आणि तान्हं पाळण्यात. ताईला शाळा सोडायचं कारणच उरलं नाही! मुलीच्या कडेवरचं मूल हा शिक्षणातला अडथळा आहे हे सगळेच म्हणत होते, पण त्या मुलालाही शाळेत घेऊन या, असं म्हणायला खेड्यात राहिलेली बाई लागली.

आणि गुराख्यांचं काय? त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार. झाडाखाली गोष्ट, जमिनीवर अक्षरं, चरणाऱ्या गुरांची मोजणी म्हणजे गणित. गुरं घरी निघाली की शाळा सुटली. बालवाडीतल्या गाण्या-गोष्टींतही नदी, पाऊस, भात, शेळी, मोर असं मुलांच्या रोजच्या बघण्यातलं काहीतरी यायचं.

इथे मला माझं बालवाडीतलं पहिलं गाणं आठवलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्ही सगळ्या मुली तालावर हात हलवून पावसाला परत जायला सांगायचो. आणि घरी आजी मात्र जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसलेली असायची, कारण गावी पेरण्या खोळंबलेल्या. गाणं गोड होतं, बाईही प्रेमळ होत्या. पण ते गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी पावसाचं होतं. अनुताईंबद्दल वाचताना हे मला पहिल्यांदा नीट समजलं. मुलाला त्याच्या स्वतःच्या पावसाचं गाणं देणं, ही साधी गोष्ट नाही.

या सगळ्याला शिकवणाऱ्या बायका हव्यात. त्या कुठून आणायच्या? बाहेरून आलेली बाई फार काळ टिकणार नाही, म्हणून गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका-मुलींना तयार करणं हे केंद्राचं पहिल्यापासूनचं काम होतं. त्यांचं ट्रेनिंग कामातून व्हायचं. मुलांना आंघोळ घालणं, आवार झाडणं, घरोघर जाणं हे कमीपणाचं काम न समजता शिक्षिकेचंच काम समजायचं, हा त्यातला पहिला धडा. पुढे अनुताईंनी बालवाडी कशी चालवावी या विषयावर पुस्तकही लिहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे थिअरी आणि प्रॅक्टिकल असे दोन वेगळे तास नव्हतेच.

आणि हे करताना स्वतःचं शिकणं चालूच. १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, अनुताई बी.ए. झाल्या! सेमिस्टरला एक बॅकलॉग राहिला तर आपण आयुष्य संपल्यासारखे चेहरे करतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. अनुताई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, परत पुण्याला जाऊन शांतपणे राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्या टेकडीवरच राहिल्या आणि काम वाढवत राहिल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशभरात ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. एका वस्तीतल्या झाडलेल्या अंगणाचा शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत पोचला. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे कोसबादच्या टेकडीवरून. २७ सप्टेंबर १९९२ ला त्या गेल्या.

शब्द पोचला, पण त्यामागचा विचार तेवढा पोचला का? आजही अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. तिने पोषण आहार वाटायचा, वजनं घ्यायची, रजिस्टरं भरायची, सर्व्हे करायचे आणि वेळ उरला तर शिकवायचं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य व्हायला २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा शिक्षणाचा पायाच धरला आहे. मग पाया घालणाऱ्या बाईलाच आपण सगळ्यात कमी का मोजतो? सिव्हिलवाल्यांनी तरी याचं उत्तर द्यावं!

आपल्या कॉलेजचा एन.एस.एस. कॅम्प सात दिवसांचा असतो. आपण झाडं लावतो, पथनाट्य करतो, शेवटच्या रात्री गाणी म्हणतो आणि बसमध्ये बसतो. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आठव्या दिवशी काय होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. मुलं आली नाहीत, पाणी आलं नाही, लोक रागावले, हे सगळं आठव्या दिवशी सुरू होतं. अनुताई बोर्डी-कोसबादला ४७ वर्षं राहिल्या, म्हणून त्यांना ते प्रश्न दिसले आणि उत्तरंही तिथेच सापडली.

आपल्यातले सगळे कोसबादला जाणार नाहीत. बरेचसे पुण्या-बंगलोरला जातील, काही त्याहून लांब. पण पुढच्या वेळी गावी गेल्यावर वाटेत अंगणवाडी लागली तर दोन मिनिटं आत डोकवा. तिथल्या ताईंना विचारा की पटावर किती मुलं आहेत आणि आज किती आली. आणि जी आली नाहीत ती का आली नाहीत, हेही विचारा. अनुताईंचं दुसरं ट्रेनिंग याच प्रश्नापासून सुरू झालं होतं.