क्लोद लुई बेर्तोले

क्लोद लुई बेर्तोले (९ डिसेंबर १७४८ – ६ नोव्हेंबर १८२२) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. क्लोरीनच्या साहाय्याने कापडाचे विरंजन करण्याची पद्धत आणि रासायनिक विक्रियांच्या उलटसुलट दिशांविषयीचे विवेचन यांसाठी ते ओळखले जातात. आज घरांच्या बाह्य भिंती व छपरे धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विरंजक द्रवाचे मूळ त्यांच्या संशोधनात आहे.

जीवन

त्यांचा जन्म त्या वेळच्या सव्हॉय प्रांतात, आन्सीजवळील तालवार येथे झाला. तुरीन येथे १७६८ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते १७७२ मध्ये पॅरिसला आले. १७८० मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि १७८४ मध्ये सरकारी रंगकामाच्या देखरेखीचे पद त्यांच्याकडे आले. लाव्हाझ्ये यांच्या नव्या रसायनशास्त्राचा त्यांनी लवकर स्वीकार केला. १७८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक नामकरणपद्धतीच्या चार कर्त्यांपैकी ते एक होते.

विरंजनाचे संशोधन

त्या काळी कापड क्षारात भिजवून कुरणावर उन्हात पसरीत. या कामाला आठवडे, कधी महिने लागत. शेले यांनी १७७४ मध्ये शोधलेल्या क्लोरीनचा विरंजक गुणधर्म बेर्तोले यांनी १७८५ पासून पद्धतशीरपणे तपासला आणि त्याचा कापडासाठी उपयोग केला. ही माहिती त्यांनी गुप्त ठेवली नाही. जेम्स वॉट यांना त्यांनी प्रयोग समजावून दिले व वॉट यांच्यामार्फत ती पद्धत ग्लासगोला पोहोचली. १७८९ मध्ये त्यांनी तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

क्लोरीनच्या पाण्यातून सुटणारा वायू कामगारांना असह्य होई. पॅरिसजवळील जावेल येथे हा वायू पोटॅशच्या विद्रावात शोषून घेण्यात आला. त्यातून पोटॅशियम हायपोक्लोराइटयुक्त ‘जावेल जल’ तयार झाले. पुढे पोटॅशच्या जागी सोडा आला. क्लोरीन हे ऑक्सिजनचे संयुग आहे, अशी बेर्तोले यांची समजूत होती. डेव्ही यांनी १८१० मध्ये ते मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केले.

तप्त क्षारविद्रावात क्लोरीन सोडल्यास पोटॅशियम क्लोरेट मिळते, हेही त्यांनीच दाखविले. १७८८ मध्ये एसोन येथे या क्षाराची बंदुकीची दारू बनविताना झालेल्या स्फोटात दोन जण मृत्युमुखी पडले. तेथे उपस्थित असलेले बेर्तोले व लाव्हाझ्ये बचावले.

विक्रियेची दिशा

१७९८ मध्ये ते नेपोलियनबरोबर ईजिप्तला गेले. तेथील नेट्रॉन सरोवरांच्या काठी मीठ व चुनखडी यांपासून सोडा बनलेला त्यांना आढळला. प्रयोगशाळेत हीच विक्रिया उलट दिशेने होते. त्यावरून विक्रियेची दिशा केवळ पदार्थांच्या आकर्षणावर नव्हे, तर त्यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. १८०३ मध्ये त्यांचा रासायनिक समतोलावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र संयुगांचे प्रमाण अनिश्चित असू शकते, या त्यांच्या मताविरुद्ध प्रूस्त यांचे मत खरे ठरले.

वारसा आणि पर्यावरण

विरंजक द्रवही याच तत्त्वाने वागतो. क्लोरीन व क्षार यांपासून हायपोक्लोराइट बनते. त्यात आम्ल मिसळल्यास विक्रिया उलटते व विषारी क्लोरीन बाहेर पडतो. म्हणून भिंतीवरील पांढरे डाग काढणारे आम्ल आणि शेवाळ मारणारे विरंजक कधीही एकत्र वापरू नयेत. अमोनियाबरोबर त्यापासून विषारी क्लोरामाइने तयार होतात.

हायपोक्लोराइट शेवाळ व बुरशी यांचे ऑक्सिडीकरण करून त्यांना मारते. उन्हात त्याचे विघटन होऊन मुख्यतः क्लोराइड उरते. परंतु विघटन होण्यापूर्वी ते गटारातून ओढ्यात गेल्यास मासे व अन्य जलचरांना घातक ठरते. सेंद्रिय द्रव्याशी संयोग पावून क्लोरीनयुक्त संयुगेही तयार होतात. मागे उरलेला क्षार झाडांच्या मुळांना अपाय करतो व धातू गंजवितो. त्यामुळे मात्रा मर्यादित ठेवणे आणि वाहून जाणारे पाणी अडविणे आवश्यक असते.

उत्तरायुष्यात बेर्तोले पॅरिसजवळील आर्क्योय येथे राहत. तेथे त्यांनी लाप्लास यांच्यासह तरुण शास्त्रज्ञांचे मंडळ चालविले. गे-ल्युसॅक हे त्यांपैकी एक होत. १८२२ मध्ये आर्क्योय येथेच त्यांचे निधन झाले.