पंधरा सेंटांचा हॅम्बर्गर आणि रे क्रॉक

(द्वितीय वर्ष, कला)

एस. टी. स्टँडसमोर माझ्या वडिलांचा वडापावचा गाडा आहे आणि त्याच गाड्यावर माझी फी भरली जाते. म्हणून ग्रंथालयात रे क्रॉक यांचे १९७७ साली निघालेले आत्मचरित्र हाती आले, तेव्हा ते मी परत कपाटात ठेवू शकलो नाही. मॅक्डोनल्ड्स हे नाव जगभर नेणारा हा माणूस. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचत होतो. बटाट्याची हकीकत आली, तेथे मात्र थबकलो. ती पुढे सांगतो.

क्रॉक यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. शाळा अर्ध्यावर सुटली. पहिल्या महायुद्धात वय चोरून ते रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर भरती झाले. पण रणांगणावर पोहोचण्याआधीच युद्ध संपले. पुढे त्यांनी पियानो वाजवला, कागदी पेले विकले आणि नंतर एका वेळी पाच मिल्कशेक घुसळणारी यंत्रे गावोगाव फिरून खपवली. पन्नाशी उलटली तरी हा गृहस्थ फिरता विक्रेताच होता.

१९५४ साली त्यांना कळले, की कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे एकाच हॉटेलवाल्याने आठ यंत्रे घेतली आहेत. म्हणजे एकदम चाळीस पेले! ते स्वतः पाहायला गेले. हॉटेल होते डिक आणि मॅक या मॅक्डोनल्ड बंधूंचे. या भावांनी १९४८ साली आपले चालते हॉटेल बंद ठेवून त्याची नव्याने घडी बसवली होती. वाढपिणी काढल्या, बशा काढल्या, पदार्थ नऊच ठेवले आणि हॅम्बर्गर, म्हणजे पावात घातलेली गोमांसाच्या खिम्याची चपटी टिक्की, पंधरा सेंटांना विकायला सुरुवात केली. अकल सारी या भावांची, हे क्रॉक यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

क्रॉक यांनी शाखा काढण्याचे हक्क मिळवले आणि १५ एप्रिल १९५५ रोजी इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे आपले पहिले दुकान उघडले. सगळे हुबेहूब तसेच. पण तळलेल्या बटाट्याच्या फोडी मात्र मऊ पडत, चव लागेना. बटाटा तोच, कृती तीच! बरीच विचारपूस झाल्यावर उलगडा झाला. भावांचे बटाटे जाळीच्या खोक्यांत वाळवंटी वाऱ्यावर पडून असत, त्यात ते सुकत आणि त्यातल्या साखरेचा स्टार्च होई. क्रॉक यांचे बटाटे तळघरात होते. त्यांनी तळघरात विजेचा पंखा लावला. मला हा पंखा त्यांच्या सगळ्या संपत्तीपेक्षा मोठा वाटतो.

याच धंद्यात इतरही होते. व्हाइट कॅसल १९२१ पासून पाच सेंटांना छोटे हॅम्बर्गर विकत असे. दुकाने स्वतःचीच ठेवल्याने दर्जा हाती राहिला, विस्तार मात्र सावकाश झाला. कॅलिफोर्नियाच्या इन-एन-आउटनेही १९४८ पासून तोच मार्ग धरला. बर्गर किंगने १९५७ साली सदतीस सेंटांचा मोठा व्हॉपर आणला आणि शाखा झपाट्याने दिल्या; पण मोठमोठे प्रदेश एकेकाच्या हवाली केल्याने लगाम सैल झाला. १९६९ साली आलेल्या वेंडीजने न गोठवलेल्या ताज्या मांसाचा डंका वाजवला. क्रॉक यांनी स्वस्ताई सोडली नाही आणि सहसा एका माणसाला एकाच दुकानाचा परवाना दिला. शिवाय हॅरी सॉनबोर्न या सहकाऱ्याच्या युक्तीने जागाही कंपनीनेच घ्यायची आणि दुकानदाराला भाड्याने द्यायची, असे ठरले. दुकान घाण ठेवले तर जागा जाईल, ही धास्ती. म्हणजे स्वच्छतेची राखण भाडेपट्ट्याने केली. १९६१ साली तर दुकानदारांना शिकवण्यासाठी एका दुकानाच्या तळघरात हॅम्बर्गर युनिव्हर्सिटीच काढली. (नव्या पदार्थांबाबत मात्र त्यांचा अंदाज चुके. मांसाऐवजी अननसाची चकती घातलेला त्यांचा बर्गर कोणी खाल्ला नाही.)

त्याच १९६१ साली त्यांनी भावांना सत्तावीस लाख डॉलर देऊन सारे हक्क विकत घेतले. भावांनी आपले मूळ हॉटेल स्वतःकडे ठेवले. पण त्यावर स्वतःचेच आडनाव लावण्याची सोय उरली नाही. त्यांनी पाटी बदलली. क्रॉक यांनी जवळच मॅक्डोनल्ड्स उघडले आणि काही वर्षांत ते हॉटेल बंद पडले. कायद्याने यात वावगे काही नसेल. मला ते पटले नाही. अण्णांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते बराच वेळ कढईकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी एवढेच विचारले, की भावांनी नाव का विकले.

१४ जानेवारी १९८४ रोजी क्रॉक वारले, तेव्हा दुकाने सुमारे साडेसात हजार होती. १९९६ साली मॅक्डोनल्ड्स दिल्ली व मुंबईत आले ते गोमांस वगळून, आणि येथे त्यांनाही बटाट्याच्या टिक्कीला शरण जावे लागले!

चार वर्षांपूर्वी मामांनी तालुक्याच्या बाजारपेठेत अण्णांच्या नावाने दुसरा गाडा लावला होता. मसाला घरून जाई, तरी वडा तसा होईना. चार महिन्यांत गाडा उठला. अण्णांना लिहिता येत नाही, सारे माप हातात. पुस्तक संपल्यावर मी त्यांच्याजवळ बसून वहीच्या मागच्या पानावर माप लिहून काढले : बटाटा किती, मिरची किती, तेल किती तापवायचे. अण्णांनी ते वाचून घेतले आणि म्हणाले, की हे उन्हाळ्याचे झाले. शीतगृहातला बटाटा गोड निघतो, त्याला मिरची जास्त लागते आणि तो आधी दोन दिवस पोत्याबाहेर पसरून ठेवावा लागतो. मामांना हे सांगायचे राहून गेले होते. मी वहीचे दुसरे पान उघडले.