महाद्वारापुढचे चोखोबा

पंढरीस गेलेला वारकरी चंद्रभागेचे स्नान करून महाद्वारी येतो, नामदेवरायांच्या पायरीस मस्तक लावतो आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीस हात जोडतो. मग गर्दी पुढे रेटते. भाविकहो, आज त्या समाधीपाशी घटकाभर बसू.

चोखोबा मंगळवेढ्याचे राहणारे, जातीने महार. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सारेच अभंग रचणारे. पोटासाठी गावकीची कष्टाची कामे, आणि ध्यास एकच, पांडुरंगाचे दर्शन. पण राउळात त्यांस मज्जाव. ज्याच्यासाठी जीव तळमळतो तो आत विटेवर उभा, आणि मध्ये उंबरठा!

संतचरित्रकार सांगतात की एके रात्री देवानेच त्यांस हाती धरून गाभाऱ्यात नेले. सकाळी बोभाटा झाला आणि चोखोबांस पंढरीबाहेर घालवले. ते नदीपलीकडे राहिले, तेथे त्यांनी दीपमाळ उभारली. देव तेथे त्यांच्या पंक्तीस जेवू लागला. सोयराबाईंच्या हातून दही सांडले ते देवाच्या पीतांबरावर, आणि चोखोबांस मारलेली चपराक देवाच्या गालावर उमटली.

ही कथा आम्ही कीर्तनात पुष्कळदा रंगवली. गालाच्या प्रसंगी श्रोते हमखास गहिवरतात. परंतु उतारवयात आम्हांस निराळेच दिसू लागले. त्या वेळी देव नदीपलीकडे होता. आणि शास्त्र पढलेले आमच्यासारखे लोक राउळाचे दार अडवून उभे होते. मग देवापासून दूर कोण होते? हा प्रश्न आम्ही फार उशिरा स्वतःस विचारला.

चोखोबांची श्रद्धा मुकी नव्हती बरे! हीन जन्म का दिला, म्हणून ते देवाशी भांडले. कर्ममेळा तर त्याहून तिखट बोलला. पण गाऱ्हाणे घालतात कोणापुढे? तो ऐकतो आहे अशी खात्री असते त्याच्यापुढेच. म्हणून त्यांचे भांडणही भजनच ठरले.

शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांसह चोखोबा गेले. देवाने तेव्हा हात का दिला नाही, असे कोणी पुसेल. आम्ही बनवून उत्तर देणार नाही. परंपरा एवढेच सांगते की नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली. भिंतीने देह घेतला. नाम तिला घेता आले नाही.

पुढे सहा शतके लोटली. १९४७ साली साने गुरुजी पंढरीत उपोषणास बसले, तेव्हा कोठे अस्पृश्य म्हटलेल्या भाविकांस राउळ मोकळे झाले. चोखोबा तोवर दारातच वाट पाहत होते.

असो. आपल्यावर संकट येते, दारे बंद झालीशी वाटतात, तेव्हा चोखोबा आठवावे. उंबरठ्याबाहेर आहोत म्हणून देवाबाहेर आहोत असे नाही. आणि पुढल्या वारीस त्या समाधीपाशी घाई करू नये. आपण कोणाचे दार अडवून तर उभे नाही ना, एवढे मनाशी पाहावे, मग आत जावे.

रामकृष्णहरि.